बिडाच्या बोरिंगची पावडर : या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीनशॉपच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. शेडच्या कडेला गंजके ड्रम उभे असतात आणि त्यात काळसर, तेलकट कीस भरलेला असतो. ब्रेक ड्रम, हाउसिंग, फ्लायव्हील मशीनवर लागले की जे झडतं ते हे. धंद्यात याला बोरिंग म्हणतात. आठवड्याला भंगारवाल्याचा टेम्पो येतो, काट्यावर वजन होतं आणि माल जालन्याच्या भट्ट्यांकडे जातो. भट्टीत त्यातला बराच जळतो, कारण बारीक किसाला हवा लागायला जागाच जागा. लोखंडाचा ऑक्साइड होतो आणि तो भट्टीच्या मळीत (स्लॅगमध्ये) जातो. म्हणूनच भट्टीवाला बोरिंगला सळईच्या तुकड्याइतका भाव देत नाही.

हाच कीस न वितळवता दळून-चाळून पावडर करायची, असा हा धंदा. वेल्डिंग रॉड, ब्रेक लायनिंग, सिंटर्ड बुश, काही रसायनं, सगळीकडे लोखंडाची पावडर लागते. मी यात उतरलो तेव्हा मराठीत विचारायला कुणी नव्हतं. यूट्यूबवर चीनमधल्या चकचकीत मशिनी दिसायच्या, आणि गाळ्यात आमची मिल रात्रभर फिरून सकाळी पोहे द्यायची. ते पोह्याचं पुढे येईलच.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘बीड’ म्हणजे कास्ट आयर्न, जिल्हा नव्हे. एकाने फोनवर ‘बीडचा माल’ ऐकून मला थेट गेवराईचं भाडं सांगितलं होतं.

१. धातू एकच धरा, आणि सुरुवात बिडापासून करा

नवा माणूस म्हणतो, मिल घेतली की लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस सगळं दळू. तसं होत नाही. राखाडी बिडात कार्बन साधारण अडीच ते चार टक्के असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो. त्या पापुद्र्यांवरूनच बीड तुटतं. म्हणून त्याची चिप, म्हणजे कापताना पडणारा कीस, लेथवरच भुरभुरीत पडते आणि मिलमध्ये लवकर बारीक होते.

माइल्ड स्टीलचं उलट. ते तुटत नाही, चपटं होतं. माझी पहिली मोठी बॅच अशीच गेली. स्वस्तात मिळालं म्हणून एमएस टर्निंग (लेथवरचा माइल्ड स्टीलचा कीस) बोरिंगमध्ये मिसळून टाकलं. चौदा तास मिल चालवली. झाकण उघडलं तर आत पातळ, चमकदार पोहे. चाळणीवर निम्मा माल अडकून राहिला आणि तो परत टाकला की आणखी पातळ होत गेला.

एसजी आयर्न, म्हणजे डक्टाइल, हे दिसायला बीडच. पण त्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या आकारात असल्याने ते इतकं ठिसूळ नसतं. क्रँकशाफ्ट, स्टीअरिंग नकल असे पार्ट करणाऱ्याकडची चिप घेण्याआधी ‘ग्रे आहे की एसजी’ एवढं विचारा. दोन्ही एकाच ड्रममध्ये असेल तर सोडून द्या.

ॲल्युमिनियमचं नावही काढू नका, निदान पहिली काही वर्षं. त्याची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. ओली झाली तर हायड्रोजन सुटतो. त्याच शेडमध्ये लोखंडाचा गंज असेल तर थर्माइटचं, म्हणजे भयंकर तापून जळणाऱ्या मिश्रणाचं, साहित्य तुम्ही स्वतःच्या हाताने गोळा केलेलं असतं. मॅग्नेशियम आणि टायटॅनियमला तर हातच लावायचा नाही.

२. गिऱ्हाईक आधी, मिल नंतर

मी उलट केलं. आधी मिल घेतली, मग पावडरचे डबे घेऊन फिरलो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच : ‘स्पेसिफिकेशन काय?’ माझं उत्तर : ‘एकदम बारीक आहे साहेब.’ समोरचा चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा.

पावडर ‘बारीक’ असून भागत नाही. मेश किती, आभासी घनता (न ठोकता, सैल भरलेल्या पावडरची घनता) किती, कार्बन किती, तेल आणि ओलावा किती, हे आकडे लागतात. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती भोकं. १०० मेशखाली म्हणजे साधारण १५० मायक्रॉनपेक्षा बारीक, २०० मेश म्हणजे ७५, ३२५ मेश म्हणजे ४५ मायक्रॉन. आकडा वाढला की माल बारीक, हे डोक्यात बसवा. खरेदी अधिकाऱ्यासमोर मी हे उलटं बोललोय.

आता कोणाकडे जायचं. वेल्डिंग इलेक्ट्रोडवाले रॉडच्या लेपात लोखंडाची पावडर घालतात, पण बहुतेकांना कमी कार्बनचा माल हवा असतो. बिडाची पावडर तिथे सहसा बसत नाही. ब्रेक लायनिंग आणि क्लच फेसिंगवाले बिडाची पावडर घेतात, तिथे ग्रॅफाइट असल्याचं दुःख नसतं. काउंटरवेट आणि जड काँक्रीटवाल्यांना फक्त वजन हवं असतं. ते भाव कमी देतात, पण नवख्यासाठी चांगले, कारण मेशच्या बाबतीत फार कटकट करत नाहीत.

रसायनवाले हे वेगळंच गिऱ्हाईक. १८५४ साली बेशां नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोबेंझिनपासून ॲनिलिन करायला लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरलं. तीच पद्धत रंगांच्या कच्च्या मालात पुढे दीडशे वर्षं चालली. मोठे कारखाने आता हायड्रोजनकडे वळलेत, कारण लोखंडाच्या पद्धतीत काळा गाळ फार निघतो. तरी गुजरातकडे छोटे खरेदीदार आहेत. त्यांना ठिसूळ, बारीक, बिनतेलाचं बीड हवं असतं. तेल राहिलं तर रिॲक्शन अडते आणि ट्रक परत येतो. भाडं दोन्ही बाजूंचं तुमच्या खिशातून.

सिंटर्ड पार्टवाले, म्हणजे पावडर साच्यात दाबून मग ११२० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून बुश, गिअर करणारे, हे या धंद्यातलं मोठं गिऱ्हाईक. पण मिलमध्ये मार खाऊन कण कडक होतो, मग साच्यात नीट दबत नाही. त्याला हायड्रोजन किंवा फोडलेल्या अमोनियाच्या वातावरणात भाजून मऊ करावं लागतं, कार्बनही उतरवावा लागतो. ती भट्टी हा वेगळा खर्च आणि वेगळा धोका. आज नको.

आणि थ्री-डी प्रिंटिंग. दर आठवड्याला कुणीतरी इंजिनिअरिंगचा पोरगा हे विचारतो. लेझरने थर वितळवणाऱ्या मशीनला साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे, गोल, मोहरीसारखे घरंगळणारे कण लागतात. ते वितळलेल्या धातूच्या धारेवर आर्गॉन किंवा नायट्रोजनचा जोराचा झोत मारून होतात. मिलमधला कण काचेच्या तुकड्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यांचा निघतो, पसरत नाही. तुम्हाला कुणी ‘बॉल मिल घ्या आणि थ्री-डी पावडर विका’ म्हणून मशीन विकत असेल तर तो मिल विकतोय, एवढंच समजा. ज्याला खरंच त्या वाटेला जायचंय त्याने हैदराबादची एआरसीआय बघावी. केंद्र सरकारची, पावडर मेटलर्जीवरच काम करणारी संस्था आहे, आणि संभाजीनगर-नांदेडहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं.

दोन खरेदीदारांचं लेखी स्पेसिफिकेशन हातात आल्याशिवाय मिलचा ॲडव्हान्स देऊ नका.

३. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझे चार महिने इथेच गेले, म्हणून यादीच देतो.

- गाळ्याचा करार. एमआयडीसीत भाड्याने घेत असाल तर प्लॉटधारकाने एमआयडीसीकडून पोटभाड्याची परवानगी घेतलीय का ते आधी बघा. माझ्या मालकाने ‘सगळे असंच करतात’ म्हणून सांगितलं. पुढे प्रत्येक अर्जात तो कागद मागितला गेला आणि सगळं अडकलं.
- उद्यम नोंदणी. आधार-पॅनवर, घरबसल्या, फुकट होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत.
- जीएसटी. भंगार एचएसएन (मालाचा करासाठीचा क्रमांक) ७२०४ मध्ये, पावडर ७२०५ मध्ये. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललेत : नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून घेतलं तर कर तुम्ही रिव्हर्स चार्जने भरायचा. नोंदणी असलेल्याकडून घेतलं आणि कराराची किंमत अडीच लाखांच्या वर गेली तर २ टक्के टीडीएस कापायचा. सीएला हे पहिल्या दिवशी विचारा, मार्चमध्ये नव्हे.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. मशीन बसवण्याआधी उभारणीची, उत्पादनाआधी चालवण्याची. १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली एकत्रच अर्ज होतो, ऑनलाइन. अर्जात प्रक्रियेचं वर्णन खरं लिहा. ‘फक्त ग्राइंडिंग’ लिहून धुण्याचा टप्पा लपवला तर पुढे सांडपाण्याचा हिशेब लागत नाही.
- धुऊन निघालेलं तेल आणि तेलकट गाळ हा २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. तो नोंदणीकृत प्रक्रियाकेंद्राकडेच द्यायचा आणि त्याची मॅनिफेस्ट पावती जपायची. नाल्यात, शेतात, रस्त्याच्या कडेला अजिबात नाही.
- एमआयडीसी अग्निशमनची एनओसी. धातूची पावडर असं स्पष्ट लिहा.
- महावितरणचा मंजूर भार. मिल भरलेली असताना सुरू होताना चालू भारापेक्षा खूप जास्त करंट ओढते. मोटरच्या पाटीवरचा आकडा तेवढाच मागाल तर पहिल्याच दिवशी ट्रिप.
- वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का.

भांडवलासाठी पीएमईजीपी ही केंद्राची रोजगार निर्मितीची योजना आहे. जागा शहरी की ग्रामीण आणि अर्जदार कोण, यावर १५ ते ३५ टक्के अनुदान बसतं. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा. बँक मात्र गिऱ्हाइकाचं पत्र मागते, म्हणून पायरी दोन आधी.

४. कच्चा माल : पावडर लेथखालच्या ट्रेमध्येच ठरते

मिल सगळ्यांची सारखीच असते. माल बिघडतो तो आधीच, ज्या ऑपरेटरने पाळी संपताना झाडू मारून पितळाची चिप, चहाचा कप आणि हातमोजा एकाच ड्रममध्ये ढकलला तिथे. मला हे कळायला वर्ष लागलं. तोवर मी भंगारवाल्याकडून घेत होतो आणि तिथे चार शॉपचा माल एका ढिगात पडलेला असतो.

आता मी थेट मशीनशॉपकडून घेतो. भाव भंगारवाल्यापेक्षा किंचित जास्त द्यावा लागतो. जालन्याला आज काय भाव चाललाय हे शॉपवाल्याला रोज माहीत असतं, त्याखाली तो देणारच नाही. त्या बदल्यात मी त्याला झाकणाचे ड्रम देतो. ग्रे बिडाला निळा पट्टा, बाकी कशालाही हात लावत नाही. पहिल्या महिन्यात ऑपरेटरना दिवाळीआधीच मिठाई दिली. हसू नका, कुठल्याही करारापेक्षा ते कामी आलं.

सगळ्यात मोठी सूचना : कोरडं कटिंग करणारे शॉप शोधा. बिडात ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं, त्यामुळे बरेच जण बीड कूलंटशिवाय, म्हणजे कापताना सोडायच्या थंडाव्याच्या तेलपाण्याशिवाय, कापतात. त्यांची चिप कोरडी येते. पाचवी पायरी निम्म्याहून जास्त वाचते, आणि एप्रिल-मे मध्ये टँकरच्या पाण्यावर गाळा चालवणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको. मी सुरुवातीला जवळचं शॉप बघत होतो. आता पाच-सहा किलोमीटर लांब गेलो तरी चालेल, पण कोरडं.

एक सावधगिरी. पहिल्या रफ कटची चिप वेगळी ठेवायला सांगा. कास्टिंगच्या सालीवर जळालेली वाळू असते, ती चिपबरोबर येते. वाळू मिलमधल्या पोलादी गोळ्या खाते, चाळणी फाडते, आणि तिची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

माल ओळखायच्या तीन घरगुती कसोट्या, आणि त्यांचे सापळे :

चुंबक. पितळ, ॲल्युमिनियम वेगळं काढतो. पण ‘स्टेनलेस चुंबकाला लागत नाही’ यावर विसंबू नका. ३०४ ची पट्टी लागत नाही हे खरं. तिचीच चिप कापताना मार खाऊन थोडी चुंबकीय होते आणि चिकटते.

ठिणगी. ग्राइंडरवर धरलं की बिडाची ठिणगी आखूड, लालसर पडते, स्टीलची लांब आणि पांढरट फुटते. यासाठी शॉपकडून चिपसोबत त्याच पार्टचा एखादा रिजेक्ट तुकडा मागून घ्या, किसावर हे जमत नाही.

बोटं. बिडाची चिप अंगठ्याखाली मोडते आणि बोट काळं करते. स्टीलची वळते आणि बोट कापते. हातमोजे घाला.

हातात धरायची एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी) बंदूक घेऊन येणारे लोक आहेत. मिश्रधातू ओळखायला ती छान. पण तिला कार्बन दिसत नाही, आणि बीड-स्टीलमधला मुख्य फरक तोच. कार्बनसाठी नमुना जाळून मोजणारी चाचणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्येच करून घ्या.

वजनाचा हिशेब. ओल्या मालाचे पैसे पाण्याला जातात. प्रत्येक ड्रममधून खालून, मधून, वरून मूठ-मूठ घ्या आणि ५०० ग्रॅम मोजून लोखंडी तव्यावर मंद आचेवर, मोकळ्या हवेत वाळवा. ४४० ग्रॅम उरलं तर १२ टक्के पाणी-तेल. टनामागे १२० किलो तुम्ही लोखंडाच्या भावाने कूलंट घेतलंत. हा तवा शॉपवाल्यासमोर एकदा करून दाखवा, पुढच्या वेळी तो ड्रमची तोटी स्वतः उघडून ठेवतो.

५. तेल आणि पाणी काढणं

कोरड्या मालालाही थोडं तेल असतंच. आधी सेंट्रिफ्यूज, म्हणजे कपडे पिळणाऱ्या मशीनचा दणकट भाऊ. त्याने बहुतेक कूलंट निघतं आणि ते शॉपला परतही देता येतं. मग गरम अल्कलीच्या पाण्यात धुणं, गरम साध्या पाण्यात खळबळणं, लगेच फिरत्या ड्रायरमध्ये. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. खळबळण्याचं पाणी ७०-८० अंशांवर ठेवा, म्हणजे माल स्वतःच्या उष्णतेनेच अर्धा सुकतो. मी मे महिन्यात गच्चीवर पत्रे टाकून उन्हात वाळवायला ठेवला होता. ऊन आपल्याकडचं कडक, पण संध्याकाळपर्यंत ढीग विटकरी झाला होता.

तपासायची सोपी रीत : चमचाभर माल पांढऱ्या टिपकागदात दाबून धरा. डाग पसरला तर तेल आहे. नाहीतर तव्यावर तापवा, धूर आला तर परत धुवा. तेलकट माल मिलमध्ये गेला की भिंतीला पिठाच्या लगद्यासारखा थापला जातो आणि छिन्नीने काढावा लागतो.

धुण्याचं पाणी पुन्हा पुन्हा वापरा, वर तरंगणारं तेल काढून. शेवटी जे उरतं ते कूलंटचं दुधाळ पाणी साध्या टाकीत ठेवून वेगळं होत नाही, रसायन घालून फोडावं लागतं. आधी सामाईक सांडपाणी प्रकल्पाशी बोलून ते काय स्वीकारतात ते लेखी घ्या.

६. दळण

बॉल मिल म्हणजे आडवा फिरणारा लोखंडी ड्रम आणि आत पोलादी गोळ्या. गोळ्या भिंतीबरोबर वर चढतात आणि मालावर कोसळतात. वेग कमी असला तर नुसत्या घरंगळतात. जास्त असला तर भिंतीला चिकटून फिरत राहतात आणि काहीच दळत नाही. ती सीमा काढायचं सूत्र सोपं आहे : ड्रमच्या आतल्या व्यासातून गोळीचा व्यास वजा करा, दोन्ही मीटरमध्ये. त्याचं वर्गमूळ काढा. ४२.३ ला त्याने भागा. आलेला आकडा म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर गोळ्या चिकटतील तो.

माझा ड्रम ०.९ मीटर, गोळी ३० मिलिमीटर. ०.८७ चं वर्गमूळ ०.९३. भागाकार ४५ च्या थोडा वर. मिल याच्या ६५ ते ७५ टक्क्यांवर चालवायची, म्हणजे माझी ३० ते ३४ फेऱ्यांवर. फॅब्रिकेटरने ‘जोरात फिरली की लवकर दळेल’ म्हणून ४८ चा गिअरबॉक्स लावून दिला होता. सुरू केली आणि दोन मिनिटांत आवाज बंद. मी खूश, किती स्मूथ चाललीय म्हणून. आमच्याकडे मिलवर असलेले मामा पूर्वी सिमेंटच्या मिलवर होते. कान लावून म्हणाले, ‘भाऊ, मिल बोलंना झालीय. बंद करा.’

बोलणारी मिल धबधब्यासारखी अखंड खळखळते. सुटा ठणठणाट म्हणजे आत माल कमी, गोळ्या गोळ्यांवरच आपटतायत. आवाज दबला म्हणजे माल जास्त किंवा लगदा झालाय. पुली बदलून वेग उतरवला त्या दिवशी मी पहिल्यांदा ती खळखळ ऐकली. तेव्हापासून मीटरकडे कमी बघतो.

गोळ्यांनी ड्रमचा साधारण ३० ते ४० टक्के भाग भरा, आणि मालाने गोळ्यांमधल्या फटी. एकाच मापाच्या गोळ्या नकोत, ४० पासून २० मिलिमीटरपर्यंत मिसळा. मोठ्या फोडतात, छोट्या दळतात. लांब चिप असेल तर आधी हॅमर मिलमधून काढा.

तासाभराने थांबवून नमुना बघत जा, पण थांबवल्याबरोबर झाकण उघडू नका. आत ताजा, गरम, बारीक लोखंडाचा माल असतो, आणि अशा तापलेल्या पावडरला एकदम हवा लागली की ती धुमसू शकते. ड्रम हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. वीज गेली तर स्टार्टर बंद करून ठेवा. नाहीतर लाइट आल्यावर भरलेली मिल एकदम उचलते आणि बेल्ट तरी जातो, फ्यूज तरी.

७. चुंबक आणि चाळणी

मिलमधून निघालेला माल आधी चुंबकी ड्रमवरून जाऊ द्या. वाळू, प्लॅस्टिक, कचरा खाली पडतो. मग व्हायब्रो चाळणी, वर ६० मेश, मध्ये १००, खाली २००. वरचा माल परत मिलमध्ये. प्रत्येक थराचं वजन वहीत लिहा. एखाद्या दिवशी ६० वर नेहमीपेक्षा जास्त अडकलं तर समजा, कुठल्यातरी ड्रममध्ये स्टील शिरलंय.

८. तपासणी

सगळं लॅबला पाठवायची गरज नाही. आयएस ४६० या भारतीय मानकाच्या प्रमाणित चाळण्यांचा एक संच घ्या. हॉल फ्लोमीटर म्हणजे २.५ मिलिमीटरच्या भोकाचं नरसाळं आणि २५ घनसेंटिमीटरची वाटी. नरसाळ्यातून पावडर वाटीत पडू द्या, ठोकू नका, हलवू नका, पट्टीने वरचं सपाट करा आणि वजन करा. ६५ ग्रॅम भरलं तर आभासी घनता २.६. पन्नास ग्रॅम खाली यायला किती सेकंद लागले तो प्रवाह. दळलेली पावडर बऱ्याचदा भोकातून येतच नाही. तेव्हा काडी घालून ढोसू नका. रिपोर्टात ‘प्रवाह नाही’ असंच लिहा, आणि घनतेसाठी मोठ्या भोकाचं नरसाळं वापरा. मी एकदा ढोसून आकडा काढला होता. खरेदीदाराच्या लॅबमध्ये तो निघाला नाही, आणि तेव्हापासून ते माझा प्रत्येक रिपोर्ट स्वतः तपासतात.

चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये आणि वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये कोणत्या चाचण्या होतात याची चौकशी एकदा करून या. पुण्याला नमुना पाठवण्याआधी जवळचं बघितलेलं बरं.

९. साठवण आणि आग

लोखंडाची बोरिंग ढिगात स्वतःहून तापते. ही ऐकीव गोष्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत लोखंडाच्या बोरिंग-टर्निंगला २७९३ हा स्वतंत्र क्रमांक आहे, ‘स्वतः तापणारे पदार्थ’ या वर्गात. ओलावा लागला की गंज चढतो, गंज चढताना उष्णता निघते, आणि मोठ्या ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडत नाही. वर तेल असेल तर विचारूच नका. एका जुलैत पत्रा गळून ढिगावर पाणी पडलं. सकाळी शटर उघडलं तर ढिगातून वाफ, आणि फावडं घातलं तर आतला माल हात लावू देईना. तेव्हापासून ढीग कमरेच्या वर जाऊ देत नाही, आणि पावसाळ्यात रोज सकाळी मामा लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून बघतात.

पावडरला आग लागली तर पाणी नाही, साधा एक्स्टिंग्विशरही नाही, त्याच्या झोताने धूळ उडते. कोरडी वाळू बादल्यांत भरून ठेवा आणि डी वर्गाचं, म्हणजे धातूच्या आगीसाठीचं, अग्निशामक ठेवा. वाळू कोरडी आहे का हे श्रावणात तपासा. मिल, चाळणी, डस्ट कलेक्टर सगळ्यांना अर्थिंग. दळण चालू असताना शेडमध्ये वेल्डिंग आणि विडी बंद. झाडू मारायचा नाही, धूळ ओढणारं योग्य मशीन वापरा. मास्क एन-९५ चा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही अडत नाही.

१०. पॅकिंग आणि पहिलं सॅम्पल

आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर झाकणाचा ड्रम, सिलिका जेलची पुडी. माल थंड झाल्यावरच भरा. गरम भरला की आत घाम सुटतो आणि आठवड्यात ढेकळं. ड्रमवर बॅच नंबर, आणि त्या नंबरवरून कोणत्या शॉपचा कोणत्या तारखेचा माल होता हे वहीत सापडलं पाहिजे.

सॅम्पल पाठवताना चांगल्यातलं चांगलं वेचून पाठवायचा मोह होतो. तुमच्या रोजच्या बॅचमधलंच पाठवा, नाहीतर पहिला टन परत येईल. आणि त्याच बॅचमधला अर्धा किलो काचेच्या बरणीत भरून, झाकणाला मेण लावून, नंबर टाकून कपाटात ठेवा. माझ्या कपाटात अशा बरण्या ओळीने आहेत, लोणच्यासारख्या. दोन महिन्यांनी फोन येतो, ‘तुमचा माल आमच्या २०० मेशमधून जात नाही.’ मग वाद घालायचा नाही. बरणी घेऊन त्यांच्या लॅबमध्ये जायचं आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच चाळणीवर ओतायची. दोनदा माझी चूक निघाली, एकदा त्यांची चाळणी फाटलेली होती.